बिननावाचे थेंब

१

फोन आला तो शिवणकामाच्या दुकानात. आजी शाळेच्या गणवेशाची कॉलर उलटवत बसल्या होत्या. ओठांत टाचण्या धरलेल्या, म्हणून रिसीव्हर उचलून त्यांनी नुसतं "हं?" केलं.

पलीकडे बाईचा आवाज होता. घोगरा आणि घाईतला.

"तुमच्या नातीच्या हृदयाची तपासणी करून घ्या. आजच्या आज. तोवर तिला पळायला, पोहायला पाठवू नका. तिच्या भावाचं झालं तसं तिचं होऊ देऊ नका."

आजींनी टाचण्या हातावर काढेपर्यंत फोन बंद झाला होता.

नात एकुलती एक. चौदा वर्षांची, अंगानं काटक, शाळेच्या पोहण्याच्या संघातली. सर्दीपलीकडे तिला आजार माहीत नव्हता. आजींनी दुकानाचं शटर ओढलं आणि तडक लेकीचं घर गाठलं. जावई बस चालवायचा, नुकताच ड्यूटीवरून आला होता.

"आई, कुणीतरी चेष्टा केली असेल," तो म्हणाला. "इतकं काय घाबरायचं?"

लेकीनं पोरीचा हात धरला आणि तिला दवाखान्यात नेलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि पोरीला घरी सोडलंच नाही. ठोक्यांची लय एकाएकी बिघडवणारा जन्मजात दोष होता. जोरात पळताना किंवा पोहताना मूल कोसळतं, आणि बहुतेकदा तीच त्या दोषाची पहिली खूण असते. पोरीला गोळ्या सुरू झाल्या, छातीत एक छोटं यंत्र बसलं. ती वाचली.

मग बापाला झोप लागेना. फोन करणारीला हे कळलं कुठून?

हृदयाच्या डॉक्टरांनी एक शक्यता सांगितली. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाळाच्या टाचेला सुई टोचून जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे थेंब घेतात. चार-दोन आजारांची तपासणी होते. आईबापांना वाटतं, विषय संपला. पण कार्डं टाकून देत नाहीत. सरकारी शीतगृहात ती वर्षानुवर्षं राहतात आणि संशोधनाला वापरली जातात. नाव काढून, नुसत्या क्रमांकावर.

"नाव काढून?" बाप म्हणाला. "मग आमच्या घरी फोन कसा आला?"

ही तक्रार नोंदवून घ्यायलाच कार्डं सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयानं त्याला कितीतरी महिने फिरवलं. अखेर संगणक तपासला गेला, आणि त्यात निघालं ते पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. फोन आला त्याच आठवड्यात कुणीतरी त्या मुलीचं नाव उघडून पाहिलं होतं.

२

चौकशीसाठी बोलावलं ते पणबाईंना. बाईंचं अर्धं आयुष्य विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात गेलं होतं. समोरचा माणूस सगळं सांगून मोकळा झाला की त्या थोडं थांबायच्या आणि म्हणायच्या, "पण..." त्या 'पण'नं भल्याभल्यांना घाम फुटायचा. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

नमुना समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवून काम समजावून दिलं. अध्यक्षबाई वयस्क, ताठ कण्याच्या. उभं आयुष्य बाळंतपणं केलेल्या डॉक्टर, आणि निवृत्तीनंतर या कार्डांचे नियम लिहिणाऱ्या. संशोधनात काहीही सापडलं तरी घरच्यांना कळवायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

"ऐकायला कठोर वाटतो," त्या म्हणाल्या. "पण एकदा कळवायचं ठरलं की नाव शोधायची वाट उघडी ठेवावी लागते. आज त्या वाटेनं डॉक्टर येईल, उद्या पोलीस येतील, परवा विमावाले."

"विमावाले वाईटच," पणबाई म्हणाल्या. "मी होते ना त्यांच्यात."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "शक्य तितक्या लवकर उरका. त्या कुटुंबाला तुम्हीच भेटा. मला कुणा एकाची बाजू घेतल्यासारखं व्हायला नको."

व्यवस्था सोपी होती. कोठीवाले काका शीतगृह सांभाळत. त्यांच्याकडे नावासकट कार्डं होती, पण कुठल्या रक्तात काय सापडलं ते त्यांना कळत नसे. संशोधक डॉक्टरला दोष सापडत, पण नाव माहीत नसे. या दोघांच्या मधली बाई नावाला क्रमांक द्यायची आणि क्रमांकावरून नाव काढायची चावी तिच्या एकटीच्या संगणकात होती. सगळे तिला किल्लीवाली म्हणत. सध्या तिला घरी बसवलं होतं.

पणबाई आधी तिच्याकडे गेल्या. लहानसं घर, खिडकीत वाळत घातलेले कपडे, टेबलावर अर्धवट भरलेला दुसऱ्या नोकरीचा अर्ज.

"मी नाव उघडलं होतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं," किल्लीवाली म्हणाली. "त्या मुलीच्या आईचा मोबाइल नंबर बदलला होता. लसीकरण विभागाकडून बदल येतात, ते मी भरते. त्या दिवशी तसे ढीगभर भरले. पण फोन एकाच घरी गेला ना, म्हणून मी चोर."

"संशोधक डॉक्टरशी बोलणं व्हायचं?"

"डबा एकत्र खायचो आम्ही. तेवढंच पुरलं लोकांना. डोकं एकीचं, किल्ली दुसरीची, असं म्हणतात माझ्या पाठीमागे."

"पण तुम्हाला दोष कुणात सापडला ते कळलं असतं, तर तुम्ही फोन केला असता का?"

किल्लीवालीनं बराच विचार केला. "माहीत नाही ताई," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. मला कधी ते कळलंच नाही."

३

संशोधक डॉक्टर तरुण होती आणि चिडलेली होती.

"हेतू कुणाचा म्हणाल तर माझा," पणबाई बसायच्या आतच ती म्हणाली. "गेल्या वर्षी समितीपुढे मीच विनवणी केली. म्हटलं, हा दोष औषधानं आटोक्यात राहतो, घरच्यांना कळवू द्या. पडद्यावर माहिती दाखवली. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि नियमावर बोट ठेवलं. त्यानंतर आठवड्याभरात हा फोन गेला. तुमच्या जागी मी असते तरी माझ्यावरच संशय घेतला असता."

"पडद्यावर काय काय होतं?"

"नाव नाही, पत्ता नाही. जन्माचं वर्ष, कितव्या आठवड्यात जन्म, वजन, रुग्णालयाचा क्रमांक, जुळं की एकटं. बस. यातून कोण कुणाला ओळखणार?"

"तुम्ही नाही ओळखलं?"

"मी रक्त ओळखते मॅडम, माणसं नाही." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "ज्यानं कुणी फोन केला, त्याला शिक्षा होणार असेल तर माझ्या तोंडून तुम्हाला एक अक्षर मिळायचं नाही. आणि मला ठाऊकही नाही."

कोठीवाले काका मात्र सुरुवातीपासूनच नजर चुकवत होते. शीतगृहाच्या दारातून आत जाताना पणबाईंनी शाल घट्ट लपेटली. छतापर्यंत कप्पे, कप्प्यांत खोके, खोक्यांत दाटीवाटीनं उभी कार्डं. प्रत्येकावर तपकिरी पडलेले ठिपके. एका खोक्यापाशी काका जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"या खोक्यात काय कमी आहे काका?"

काकांचा चेहरा पडला. "तुम्हाला कसं..."

"तुम्ही सगळ्या खोक्यांवरून हात फिरवत आलात. याला तेवढा लावला नाहीत."

काकांनी शीतगृहाचं दार लोटून घेतलं. "एक कार्ड काढलंय ताई. पण त्या मुलीचं नाही. माझ्या नातवाचं. घरी नेलं आणि जाळून टाकलं."

"का?"

"इतकी वर्षं या दारावर आहे. कोण येतं, काय मागतं, बघतो मी. एकदा एका पोरावर चोरीचा आळ होता, तर त्याचं कार्ड मागायला पोलीसही येऊन गेले. अध्यक्षबाईंनी त्यांना हाकलून लावलं. पण सगळेच अध्यक्ष तसे असतील कशावरून?"

रखवालदारानंच आपलं माणूस गुपचूप बाहेर काढलं होतं. पणबाईंनी ते अहवालासाठी टिपून घेतलं. फोनचा उलगडा मात्र त्यानं होत नव्हता.

परतताना त्या मनाशी घोळवत होत्या. किल्लीवालीला दोष माहीत नव्हता, डॉक्टरला नाव माहीत नव्हतं. दोघींनी मिळून केलं म्हणावं, तर सगळं चपखल बसत होतं. इतकं चपखल की कार्यालयानं पुढे पाहिलंच नव्हतं. पण एक गोष्ट त्यांना डाचत होती. किल्लीवालीच्या पडद्यावर त्या दिवशी आईचा ताजा मोबाइल नंबर होता. तो हातात असताना आजीच्या दुकानात कोण फोन करेल?

४

दुकानात आजी मशीनवर होत्या आणि लेक काज करत बसली होती. बस चालवणारा जावई दाराशी उभा होता.

"ज्यानं फोन केला त्याचे पाय धरायला मी तयार आहे," तो म्हणाला. "पण त्याला आमचं नाव कसं कळलं, ते मला सांगा. हा दोष आई नाहीतर बापाकडून येतो म्हणे. मी रोज पन्नास माणसं घेऊन रस्त्यावर असतो. उद्या असाच फोन माझ्या डेपोत गेला तर? मला काही विचारण्याआधी माझी नोकरी गेलेली असेल."

"तुम्ही तपासणी करून घेतलीत?"

त्यानं मान फिरवली. उत्तर त्याच्या बायकोनं दिलं. "मी केली. माझ्यात नाही."

म्हणजे कुणात आहे, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

"आजी," पणबाईंनी विचारलं, "फोनवरचे शब्द पुन्हा सांगाल? जसेच्या तसे."

आजींनी सांगितले. शेवटचं वाक्य येताच लेकीच्या हातातली सुई थांबली.

"हा भाऊ कोण?" पणबाईंनी विचारलं.

"जुळं होतं," लेक म्हणाली. "दोघं दिवस भरायच्या फार आधी झाली. ही जगली. तो पहाटेपर्यंत होता. आम्ही बोलत नाही त्याच्याविषयी. हिलाही मागच्या वर्षीच सांगितलं."

"टाचेचं रक्त कधी घेतात?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे त्याचं घेतलंच नाही."

"कुठून घेणार?"

पणबाई उठून दुकानाच्या बाहेर आल्या. पाटीवर ठसठशीत अक्षरांत दुकानाचा फोन नंबर रंगवला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता आला असता. त्या आत आल्या.

शीतगृहात त्या मुलाचं कार्ड नव्हतं. पडद्यावर 'जुळं' एवढंच होतं. दुसरं बाळ मुलगा होता आणि तो गेला, हे कार्यालयातल्या कुठल्याही संगणकाला माहीत नव्हतं. फोन करणारीला ते माहीत होतं. मुलीचं नाव तिनं घेतलं नाही, कारण ते तिला ठाऊक नसावं. मुलीच्या आईचा नंबर तिच्याकडे नव्हता. तिला फक्त आठवत होतं की पोरीची आजी कपडे शिवते आणि तिचं दुकान कुठे आहे.

म्हणजे नाव कुणी फोडलंच नव्हतं. नावाशिवायच ओळख पटली होती. आणि ती पटवणारी बाई बाळंतपणाच्या खोलीत हजर होती, तशीच पडद्यासमोरही हजर होती.

"त्या वेळी तुम्ही आईकडे राहत होता?" पणबाईंनी विचारलं.

"हो, इथेच. दुकानाच्या मागच्या खोलीत. डॉक्टर एकदा येऊन बघूनही गेल्या होत्या. आईनं बाळांसाठी शिवलेली झबली त्यांनी हातात घेऊन पाहिली होती."

"कोण डॉक्टर?"

लेकीनं नाव सांगितलं. पणबाईंनी आपलं पेन बंद करून पर्समध्ये ठेवलं.

५

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "झालं का काम?"

"झालं. मला वाटलं होतं, तुम्ही त्या घरच्यांना एकदा तरी भेटाल. पण त्यांनी तुम्हाला पाहताक्षणी ओळखलं असतं."

अध्यक्षबाईंनी नाकारण्याचा प्रयत्न केला नाही. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"पडद्यावर ती ओळ आली," त्या म्हणाल्या. "माझं रुग्णालय, ते वर्ष, तेवढे आठवडे, जुळं. त्या वर्षी माझ्या हातून तसं एकच बाळंतपण झालं होतं. त्यातला मुलगा का गेला ते मला कधी कळलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. ती ओळ वाचली आणि कळलं. आणि हेही कळलं की तोच दोष जगलेल्या मुलीत आहे."

"समितीला सांगायचं होतं."

"त्याच बैठकीत आम्ही नियमावर बोट ठेवून बसलो होतो. माझं बोट सगळ्यांत पुढे. पुन्हा बैठक, पुन्हा चर्चा... आणि तोवर ती पोर कुठेतरी पळत असणार. त्या दुकानावरून गाडी नेली, पाटी वाचली, फोन केला."

"ते मी समजू शकते," पणबाई म्हणाल्या. "पण किल्लीवाली घरी बसली आहे. दुसऱ्या नोकरीचे अर्ज भरते आहे. तुम्ही गप्प राहिलात."

"चौकशीत ती सुटेल असं वाटलं होतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"म्हणजे तुमचं सांगायचं काम मी करायचं?"

अध्यक्षबाईंनी फोन उचलून सचिवांना सांगितलं, की किल्लीवालीला आजच लेखी माफी पाठवा, खाली सही माझी असेल, आणि माझ्या राजीनाम्याचा कागदही तयार करा.

पणबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"पण..."

अध्यक्षबाईंनी वर पाहिलं.

"त्या दिवशी पडद्यावर एकच ओळ होती का?"

त्यांनी टेबलावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पाच होत्या. बाकीच्या चार मी ओळखल्या नाहीत."

६

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावली गेली. राजीनामा संध्याकाळपासून लागू होणार होता, म्हणून अध्यक्षबाई अजून खुर्चीत होत्या. तक्रारदार म्हणून बस चालवणाऱ्यालाही बोलावलं होतं. त्याच्यापुढे त्यांनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. पाय धरायला तो उठला नाही, आणि आवाजही चढवला नाही.

"मुलगा का गेला ते तुम्हाला कळलं," तो शेवटी म्हणाला. "आम्हालाही कळायला हवं होतं."

"हो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मग प्रश्न उरला त्या चौघांचा. नावं उघडायची की नाही? एक सदस्य म्हणाले, आज उघडली तर बिननावाचं वचन कायमचं मोडलं. संशोधक डॉक्टर म्हणाली, ते वचन मोडलेलंच आहे, एक ओळ वाचून माणूस ओळखू येतं हे काल सिद्ध झालं. दुसरे सदस्य म्हणाले, कळून घ्यायचं नसेल त्यांचं काय? बोलणं गोल गोल फिरू लागलं, तेव्हा पणबाईंनी बस चालवणाऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय म्हणता? नावं बंद ठेवा म्हणून तर तुम्ही आला होतात."

"मी म्हणालो होतो, माझं नाव मला न विचारता उघडू नका," तो म्हणाला. "तुम्ही दुकानात येऊन गेलात, त्यानंतर मी तपासणी करून घेतली. आहे माझ्यात. डेपोत जाऊन मीच सांगितलं. स्टिअरिंग सुटलं, आता वेळापत्रकाच्या खिडकीवर बसवलंय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते मी सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही." तो जरा थांबला. "त्यांनाही आधी विचारा. सांगू का, असं विचारा. हो म्हणाले तर सांगा. आणि रक्त ठेवायचं की नाही, तेही विचारा. जन्माच्या वेळीच विचारायचं होतं."

हात वर झाले. एक सोडून सगळे.

किल्लीवाली आली ती सरळ आपल्या खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही. "मला लेखी हवं," ती म्हणाली. "नाव उघडायला सांगितलं कुणी, ते. मागच्या वेळी तोंडी कामाचं काय झालं ते पाहिलंय मी." अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे लिहून सही केली. मग तिनं संगणक सुरू केला. बस चालवणारा जवळ सरकला तसा तिनं पडद्यावर हात आडवा धरला. "तुम्ही नाही हं, भाऊ. तुम्ही तिकडे."

तो ओशाळून मागे झाला.

पहिल्या घरी आई होती. सांगू का म्हटल्यावर ती आधी रडली, मग हो म्हणाली. दुसऱ्या घरच्या बापानं, "ओटीपी मागणार असाल तर मिळणार नाही," म्हणून फोन आपटला. पुन्हा लावला तर त्यानं शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा लावला तेव्हा ऐकून घेतलं. तिसऱ्या घरचा माणूस शांतपणे म्हणाला, "नको. काही सांगू नका. आणि ते कार्ड नष्ट करा." संशोधक डॉक्टर अस्वस्थ होऊन उठली. पणबाईंनी तिला हातानंच थांबवलं. किल्लीवालीनं आपला नंबर त्याला दोनदा सांगितला, मन बदललं तर कधीही करा म्हणाली.

चौथा फोन बराच वेळ वाजत राहिला. मग एका बाईनं उचलला. किल्लीवालीनं ठरलेली वाक्यं म्हटली. तुमच्या मुलाच्या जन्माच्या वेळच्या रक्तातून काही माहिती मिळाली आहे, ती हवी आहे का.

बाई म्हणाली, "मुलगा गेला आमचा. शाळेच्या मैदानावर. पळता पळता पडला, तो उठलाच नाही. चार महिने झाले. कशानं ते कुणालाच सांगता आलं नाही." आणि मग, "तुम्हाला हे कधी कळलं?"

किल्लीवालीच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. अध्यक्षबाई खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि रिसीव्हर हातात घेतला.

त्यांनी आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग हुद्दा. "गेल्या वर्षी कळलं," त्या म्हणाल्या. "सांगायचं नाही, असा नियम होता. तो मी लिहिला होता."

त्यांनी फोन कानापासून हलवला नाही. पुढे जे काही बोललं जाईल ते ऐकून घ्यायला त्या उभ्या होत्या, एक हात टेबलावर टेकून.

बऱ्याच वेळानं बाईचा आवाज आला.

"माझी धाकटी आहे. सहा वर्षांची. आत्ता शाळेत आहे. तिचं काय करू?"

"तिला घेऊन या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पळत येऊ देऊ नका. उचलून घ्या आणि या, हृदयाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जाते. मी खाली दाराशी उभी राहते."